कामगारांच्या डोळ्यांसाठी तीनशे काचा

काचेच्या भट्टीसमोर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना मोतीबिंदू होतो, हे युरोपातील डॉक्टरांना अठराव्या शतकापासून ठाऊक होते. हा म्हातारपणीचा मोतीबिंदू नव्हे. तो ऐन कामाच्या वयात येतो आणि नेत्रभिंगाच्या मागच्या बाजूला, मधोमध सुरू होतो. त्यामुळे नजर लवकर अधू होते आणि हातातले कामच जाते. या दुखण्यावर काचेतच उपाय शोधणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो रसायनशास्त्रज्ञ होता, आणि कामाला लागला तेव्हा पंचाहत्तरी ओलांडून गेला होता.

विल्यम क्रूक्स यांचा जन्म 1832 मध्ये लंडनमध्ये एका शिंप्याच्या घरी झाला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये दाखल झाले आणि पुढे तिथेच हॉफमन यांचे साहाय्यक झाले. विद्यापीठातले मोठे पद त्यांना कधी मिळाले नाही. 1859 मध्ये त्यांनी ‘केमिकल न्यूज’ हे साप्ताहिक सुरू केले आणि बरेचसे संशोधन घरच्या प्रयोगशाळेत केले.

पदार्थ ज्योतीत धरला की त्याच्या प्रकाशात ठरावीक रंगांच्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. 1861 मध्ये सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातील गाळ तपासताना क्रूक्स यांना कधी न पाहिलेली हिरवीगार रेषा दिसली. त्यातून थॅलियम या मूलद्रव्याचा शोध लागला. हिरव्या कोंबासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव दिले. पुढे निर्वात नळ्यांवरील प्रयोगांनी त्यांचे नाव जगभर झाले. रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले ते अशाच नळ्यांवर काम करताना. 1880च्या दशकात क्रूक्स दुर्मीळ मृदा धातूंच्या वर्णपटांत गुंतले. त्यांनी जाहीर केलेली काही नवी मूलद्रव्ये पुढे टिकली नाहीत. पण कोणता धातू कोणता प्रकाश गिळतो, याचे त्यांचे ज्ञान पक्के झाले.

तेच ज्ञान उतारवयात कामी आले. काचकामगारांच्या मोतीबिंदूचा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारपुढे आला. रॉयल सोसायटीने त्यासाठी समिती नेमली आणि क्रूक्स कामाला लागले. वितळलेल्या काचेतून डोळ्यांवर येते काय, हे त्यांनी आधी मोजले. डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण तिथे भरपूर होते. अतिनील किरण त्या मानाने कमी होते. तरीही त्यांनी दोन्ही अडवायचे ठरवले.

पण नुसती काळी काच चालणार नव्हती. कामगाराला वितळलेल्या काचेचा रंग पाहूनच काम करावे लागते. म्हणजे घातक किरण अडवायचे आणि दिसणारा प्रकाश शक्य तितका जाऊ द्यायचा. साध्या काचेच्या मिश्रणात क्रूक्स एकेक धातू घालत गेले, आधी सुटा, मग जोडीने. तीनशेहून अधिक काचा त्यांनी तपासल्या. सेरियम घातलेली काच जवळजवळ रंगहीन राहते, पण अतिनील किरण अडवते. लोखंडाचे वागणे त्याच्या स्थितीवर अवलंबून असते. ते फेरस स्वरूपात असेल तर उष्णतेचे किरण गिळते. मात्र काच वितळताना ऑक्सिजन जास्त मिळाला तर त्याचे फेरिक रूप होते आणि हा गुण जातो. म्हणून मिश्रण किती, याइतकेच ते कसे वितळवले यालाही महत्त्व होते.

1914 मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले, तेव्हा ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. सगळे घातक किरण अडवणारी आणि तरीही पूर्ण रंगहीन काच त्यांना मिळाली नाही. उष्णता अडवणाऱ्या काचेला हिरवट छटा येत होती. म्हणून कोणत्या कामाला कोणती काच, असा व्यवहारी मार्ग त्यांनी दाखवला. पुढे ‘क्रूक्स लेन्स’ या नावाने फिकट छटेचे चष्मे दुकानांत आले. 1919 मध्ये, वयाच्या 86व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भट्टीसमोरच्या मोतीबिंदूला मुख्यतः अवरक्त किरणच जबाबदार आहेत, हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. धातू मिसळून काचेचे गुण बदलण्याचे शास्त्रही बरेच पुढे गेले आहे. उष्णता गाळण्यासाठी लोहयुक्त फॉस्फेट काच वापरतात, तर प्रचंड शक्तीच्या लेसरमध्ये निओडिमियमयुक्त फॉस्फेट काच असते.

क्रूक्स यांच्या कामातला धडा मात्र आजही रोजच्या उपयोगाचा आहे. काचेचा रंग म्हणजे संरक्षण नव्हे. रस्त्यावर मिळणारा गडद गॉगल अतिनील किरण अडवत नसेल तर तो नसल्यापेक्षा वाईट ठरू शकतो, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि तेच किरण जास्त प्रमाणात आत जातात. म्हणून गॉगल घेताना 400 नॅनोमीटरपर्यंतच्या अतिनील किरणांपासून संरक्षणाची खूण पाहावी. वेल्डिंग करणाऱ्याने किंवा भट्टीवर काम करणाऱ्याने तर साध्या गॉगलवर मुळीच विसंबू नये. त्या कामासाठीच बनवलेली काच वापरावी, आणि नजर धूसर वाटू लागली तर वय कमी आहे म्हणून तपासणी टाळू नये.