दीनबंधू अँड्र्यूज यांचे गुरुकुलातील स्नेही

दीनबंधू चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे नाव गांधीजी आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्या नावांबरोबर घेतले जाते. कांगडी गुरुकुलाचे संस्थापक महात्मा मुन्शीराम, म्हणजेच पुढचे स्वामी श्रद्धानंद, यांच्याशी असलेला त्यांचा स्नेह मात्र क्वचितच आठवला जातो.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन १८९७ मध्ये ते अँग्लिकन धर्मगुरू झाले आणि १९०४ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अध्यापनासाठी आले. दोनच वर्षांत तेथील प्राचार्यपद रिकामे झाले. या पदावर इंग्रजच असावा, असा तेव्हाचा रिवाज होता. अँड्र्यूज यांनी भारतीय सहकारी सुशीलकुमार रुद्र यांच्यासाठी आग्रह धरला आणि तो मान्यही झाला.

मुन्शीराम यांच्याशी मैत्री होणे त्याहून अवघड होते. मुलगी मिशनरी शाळेतून ख्रिस्तस्तुतीचे गाणे शिकून आली, तेव्हा व्यथित झालेल्या या वकिलाने जालंधरमध्ये मुलींसाठी स्वतंत्र शाळा काढण्याचा ध्यास घेतला होता. आर्य समाज आणि मिशनरी हे पंजाबात उघड प्रतिस्पर्धी होते. १९०२ मध्ये हरिद्वारजवळ सुरू झालेल्या गुरुकुलाकडे सरकारही संशयाने पाहत होते. अशा ठिकाणी १९१३ मध्ये एक इंग्रज पाद्री पाहुणा म्हणून गेला आणि वयाने पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या मुन्शीराम यांचा जिव्हाळ्याचा मित्र झाला. दोघांपैकी कोणीही आपला धर्म पातळ केला नाही, हे येथे मुद्दाम सांगायला हवे.

पुढे १९१४ च्या आरंभी अँड्र्यूज दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील सत्याग्रहासाठी गुरुकुलाच्या विद्यार्थ्यांनी अंगमेहनत करून पैसे पाठवले होते. भारतात परतल्यावर ठाकूर, रुद्र आणि मुन्शीराम या तिघांना अवश्य भेटावे, असे अँड्र्यूज यांनी गांधीजींना सुचवले. फिनिक्स आश्रमातील मुले भारतात आली, तेव्हा आधी गुरुकुलाने आणि मग शांतिनिकेतनाने त्यांना आपलेसे केले.

मुन्शीराम यांनी १९१७ मध्ये संन्यास घेतला. एप्रिल १९१९ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीतून त्यांनी जनसमुदायाला संबोधित केले. २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीतच त्यांची हत्या झाली. अँड्र्यूज ५ एप्रिल १९४० रोजी कोलकात्यात निवर्तले. लोअर सर्क्युलर रोडवरील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांचे थडगे आहे.