कलंकित सेनानीची श्रद्धायात्रा

‘बेन-हर’ म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती रथांची शर्यत. १९५९ च्या या चित्रपटाने तब्बल ११ ऑस्कर पटकावली. मात्र मूळ कादंबरीचे लेखक लू वॉलेस हे पेशाने वकील आणि सेनानी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वॉलेस यांचा जन्म १० एप्रिल १८२७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वयाच्या सातव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले. यादवी युद्धात ते चौतिसाव्या वर्षी मेजर जनरल झाले. परंतु एप्रिल १८६२ मधील शायलोच्या लढाईत आदेशांच्या गोंधळामुळे त्यांचे सैन्य पहिल्या दिवशी रणांगणावर पोचले, तेव्हा संध्याकाळ झाली होती. या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. विलंबाचा ठपका वॉलेस यांच्यावर आला. १८६४ मध्ये मोनोकेसी येथे शत्रूला रोखून त्यांनी राजधानी वॉशिंग्टनच्या बचावाला अवधी मिळवून दिला. तरीही तो डाग पुसला गेला नाही.

१८७६ मध्ये रेल्वेप्रवासात त्यांची गाठ प्रख्यात अज्ञेयवादी वक्ते रॉबर्ट इंगरसॉल यांच्याशी पडली. देव, परलोक आणि ख्रिस्त यांवर इंगरसॉल तासन् तास बोलत राहिले. धर्माविषयी तोवर उदासीन असलेल्या वॉलेस यांना आपल्या अज्ञानाची लाज वाटली. त्यांनी सखोल अभ्यासाचा निश्चय केला आणि त्यातून कादंबरी आकाराला आली. पवित्र भूमी तोवर त्यांनी पाहिलीही नव्हती; ग्रंथ आणि नकाशे हाच आधार होता. अखेरची प्रकरणे त्यांनी न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर असताना सांता फे येथे लिहिली. नोव्हेंबर १८८० मध्ये ‘बेन-हर’ प्रसिद्ध झाली.

खोट्या आरोपामुळे घर, आई आणि बहीण गमावलेला ज्यूडा सूडाने पेटतो. कुष्ठरोगी झालेल्या मायलेकी ख्रिस्तकृपेने बऱ्या होतात आणि क्रुसापाशी त्याचा सूड विरतो. निरपराधाच्या या दुःखात लेखकाचे स्वतःचे शल्य डोकावल्याशिवाय राहत नाही.

लेखनाच्या ओघात वॉलेस श्रद्धावान झाले. कोणत्याही चर्चचे सभासद मात्र झाले नाहीत. ग्रँट यांनी १८८५ मध्ये आपल्या आठवणींतील तळटीपेत त्यांच्यावरील दोष सौम्य केला. तरी शायलोची सल गेली नाही. १५ फेब्रुवारी १९०५ रोजी वॉलेस यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे आत्मचरित्र अपूर्ण होते. ते पुढे पत्नी सुसान यांनी पूर्णत्वास नेले.