आरमाराबरोबर आलेले हकीम : गार्सिया द ओर्ता

पावसाळ्यात उलट्या-जुलाबांची साथ आली की आपल्या घरातील वडीलधारी मंडळी हैजा म्हणून घाबरत. शेजारच्या मराठी घरात पोटाच्या तशाच दुखण्यास मोडशी म्हणत. ही दोन्ही नावे एका पोर्तुगीज डॉक्टरांनी इ. स. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहेत. त्यांच्या कानाला जशी ऐकू आली तशी त्यांनी ती लिहिली, त्यामुळे उच्चार थोडे वाकडे झाले आहेत. पण ओळख पटते. नाडी कशी बुडते, तहान किती लागते, पायांत गोळे कसे येतात आणि रोगी एका दिवसात कसा हातचा जातो, हे सारे त्यात आहे. त्या डॉक्टरांचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ता यांचा जन्म इ. स. १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या सरहद्दीवरील गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. स्पेनच्या राजाने १४९२ साली यहुद्यांना देशाबाहेर घालविले, तेव्हा ही कुटुंबे पोर्तुगालमध्ये आली. तेथेही पाच वर्षांत बाप्तिस्मा घेण्याची सक्ती झाली. बाहेरून ख्रिस्ती, आत काय ते ज्याचे त्याला ठाऊक, अशा घरात हा मुलगा वाढला. त्यांचे शिक्षण स्पेनमधील सालामांका व अल्काला या विद्यापीठांत झाले. पुढे ते लिस्बनच्या विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले. मान होता, प्रतिष्ठा होती. पण नवख्रिस्ती घराण्यांवर संशयाची नजर कायम होती.

मार्च १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा हे हिंदी महासागरातील पोर्तुगीज आरमाराचे प्रमुख म्हणून निघाले. त्यांच्याबरोबर वैद्य म्हणून ओर्ता जहाजावर चढले व सप्टेंबरात गोव्यास पोहोचले. काही वर्षे आरमाराबरोबर दीव, गुजरातचा किनारा असे फिरणे झाले. नंतर त्यांनी गोव्यातच घर केले आणि मायदेशी ते पुन्हा कधी गेले नाहीत.

आपल्या नाशिककरांस जवळची वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. शेजारच्या अहमदनगरला तेव्हा पहिला बुऱ्हाण निजामशाह राज्य करीत होता. त्याच्या दरबारी ओर्ता यांचे जाणेयेणे होते. शाह त्यांचा रोगीही होता आणि मित्रही. दरबारात अरबी-फारसी जाणणारे हकीम होते. युरोपातील विद्यापीठांत इब्न सीना व राझी यांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरातून शिकविले जात. ओर्ता यांनी ते तसेच वाचले होते. येथे त्यांना तेच ग्रंथ मूळ अरबीतून वाचणारी माणसे भेटली! भाषांतरात एखाद्या औषधीचे नाव बिघडले असेल तर ते या हकिमांना विचारीत, त्यांच्याशी वाद घालीत, कधी आपले खरे करीत, कधी त्यांचे मान्य करीत. सालामांकाच्या पदवीधराला नगरच्या हकिमापुढे शिष्य होण्यात कमीपणा वाटला नाही. मला स्वतःला हा भाग त्यांच्या चरित्रात सर्वांत मोठा वाटतो.

व्यापारी, बागवान, गोव्यातील हिंदू वैद्य, कोणालाही ते असेच विचारीत. घरी मसाल्याच्या वस्तूंचा व्यापार होताच, त्यामुळे माल हाताखालून जाई. मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून त्यांना खंडाने मिळाले होते. तेथील त्यांच्या वाड्याच्या जागी पुढे इंग्रजांचा किल्ला उभा राहिला. त्या बेटावरील एका आंब्याच्या झाडास वर्षातून दोनदा फळ येते, हे त्यांनी अभिमानाने लिहिले आहे. घारापुरीची लेणीही त्यांनी पाहिली होती.

तीस वर्षांच्या या विचारपुशीतून औषधी व वनस्पतींवरील संवादांचा ग्रंथ तयार झाला. त्यात दोन मुख्य पात्रे आहेत. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा रुआनो नावाचा कल्पित डॉक्टर, जो युरोपातून नुकताच आला आहे व जुन्या ग्रंथांवर ज्याचा फार विश्वास आहे. तो म्हणतो अमक्या पंडिताने असे लिहिले आहे. ओर्ता म्हणतात मी तर असे पाहिले आहे. मोलकरीण आत जाऊन फळ, पाला आणून दाखविते. वेलदोडा, दालचिनी, कापूर, विडा, नारळ, भांग, धोतरा असे एकेक घेऊन बोलणे चालते. हिंगाच्या वासाने त्यांचे नाक मुरडले होते, पण हिंग घातलेली भाजी आपल्याला आवडली हे कबूल करण्याइतके ते सरळ होते. चुकाही झाल्या. पांढरी मिरी व काळी मिरी वेगवेगळ्या वेलींची असे त्यांनी लिहिले. वेल एकच असते.

गोव्यात छापखाना येऊन अवघी सात वर्षे झाली होती. ग्रंथात मुद्रणाच्या चुका इतक्या राहिल्या की शुद्धिपत्रच कित्येक पानांचे झाले. (आमच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधक मित्र हे वाचून जरा सुखावतील.) ग्रंथाच्या आरंभी व्हाइसरॉयांस उद्देशून एक काव्य आहे. ते लिहिणारे होते ओर्तांचे स्नेही लुईस द कामोइंश. पोर्तुगालच्या या महाकवीची छापली गेलेली पहिली कविता हीच.

या एवढ्या संवादात स्वतःच्या घराच्या धर्माविषयी ओर्ता गप्प आहेत. का, ते पुढे उघड झाले. इन्क्विझिशन म्हणजे धर्माची चौकशी करणारे न्यायालय, तेही १५६० मध्ये गोव्यात आले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारले. लगेच त्यांची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले, आणि ऑक्टोबर १५६९ मध्ये तिला गोव्यात जिवंत जाळले. ओर्ता अखेरपर्यंत मनाने यहुदी राहिले, हे या चौकशीतून बाहेर आले. डिसेंबर १५८० मध्ये त्यांची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळण्यात आली.

तोवर ग्रंथ हाती लागण्यापलीकडे गेला होता. क्लुसिअस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप करून १५६७ मध्येच अँटवर्प येथे छापला होता आणि युरोपातील वैद्य तो वापरू लागले होते. संक्षेपात संवाद मात्र गाळले गेले, म्हणजे रुआनोही गेला आणि पाला आणणारी मोलकरीणही. ती दोघे इंग्रजी वाचकांना १९१३ साली झालेल्या भाषांतरात भेटली. पणजीस जाल तेव्हा चर्चजवळच्या बागेत जरूर थांबा. त्या बागेस याच डॉक्टरांचे नाव देण्यात आले होते.