आशावंत वैद्य: डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस

आशा हा ख्रिस्ती माणसाचा सद्गुण आहे, असे आम्ही प्रवचनातून अनेकदा सांगतो. परंतु लालबाग-परळच्या चाळींतून घरभेटी घेताना आम्हास असे दिसून आले आहे की, पुष्कळ भाविक बंधुभगिनी आशा या नावाखाली निराळीच वस्तू जवळ बाळगतात. घरातील आजार शेजाऱ्यांस कळू द्यावयाचा नाही, कर्जाचा आकडा पत्नीस सांगावयाचा नाही, मुलाचे व्यसन मान्य करावयाचे नाही, आणि देव सारे ठीक करील असे म्हणून दिवस ढकलावयाचा, यास ते आशा म्हणतात. खरी आशा रोजच्या व्यवहारात कशी चालते हे समजण्यास उपदेशापेक्षा चरित्र अधिक उपयोगी पडते. म्हणून आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचे अल्पचरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील बार्देस तालुक्यात हडफडे या गावी झाला. त्या काळी विद्येसाठी व पोटासाठी अनेक गोवेकर कुटुंबांतील मुले मुंबईची वाट धरीत. अकासियो यांनीही तीच वाट धरली. शालेय शिक्षणानंतर भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली ते डॉक्टरीची परीक्षा उत्तम रीतीने उतरले. त्यांनी आपला व्यवसाय मांडवी भागात थाटला. बंदराजवळचा हा भाग म्हणजे धान्याच्या वखारी, अरुंद गल्ल्या आणि माणसांनी गच्च भरलेली घरे. सूर्यप्रकाश व वारा यांचा तेथे दुष्काळच असे. १८८८ साली ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद झाले. सकाळी रोग्याची नाडी पाहावी व सायंकाळी त्याच रोग्याच्या गल्लीतील गटाराविषयी सभेत बोलावे, अशी दुहेरी सेवा त्यांच्या वाट्यास आली.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत एक विलक्षण ताप दिसू लागला. रोग्यास एकाएकी जोराचा ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई, आणि थोड्याच दिवसांत पुष्कळ रोगी दगावत. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे १८९४ साली, हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते व त्याचे जंतूही तेथेच ओळखले गेले होते. डॉ. व्हिएगस यांनी लक्षणे बारकाईने पाहिली आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी कॉर्पोरेशनच्या स्थायी समितीपुढे ग्रंथिक सन्निपाताचा, अर्थात प्लेगचा, शहरात प्रवेश झाल्याचे स्पष्टपणे सांगितले.

वाचकहो, ते एक नाव उच्चारण्यास केवढे धैर्य लागत असेल याचा विचार करावा. मुंबई हे व्यापाराचे बंदर. प्लेगचे नाव जाहीर होताच परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांस अटकाव करणार, माल पडून राहणार, गिरण्यांतील कामगार पळून जाणार, हे सर्वांस कळत होते. त्यामुळे सरकारी अधिकारीही प्रारंभी ते नाव घेण्यास कचरत होते. डॉक्टरांवर भिवविल्याचा आरोप येणे स्वाभाविकच होते. परंतु तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा त्यांचे निदान अचूक ठरले. ज्यास रोगी वाचेल अशी आशाच नाही, तो रोगाचे नाव कशास शोधील? डॉ. व्हिएगस यांनी नाव शोधले, कारण त्यापुढे काही करता येईल असा त्यांचा भरवसा होता.

आणि ते करण्यास त्यांनी तत्काळ आरंभ केला. गलिच्छ वस्त्या साफ कराव्यात, उंदरांचा नाश करावा, यासाठी त्यांनी आपला आवाज उठविला. उंदरांच्या पिसवांमुळे हा रोग पसरतो हे त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने ते १८९८ साली कराचीत दाखविले. संपूर्ण ज्ञान हाती येईपर्यंत वाट पाहत न बसता, जेवढे कळले तेवढ्यावर विवेकाने पाऊल टाकणे, ही डॉक्टरांची रीत होती.

याच सुमारास सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास कलकत्त्याहून मुंबईस बोलाविले. हे गृहस्थ जन्माने यहुदी, रशियन साम्राज्यातील ओडेसाचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत खपून त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. ही लस म्हणजे अमोघ कवच नव्हते व टोचल्यावर तापही येई. परंतु टोचून घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. सुई पाहून घाबरणाऱ्या लोकांस हे पटवून देणे हे अवघड काम होते. डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० माणसांस लस टोचल्याचे सांगतात. १८,००० वेळा एका भयभीत माणसाजवळ बसावयाचे, त्याची समजूत घालावयाची, आणि पुन्हा पुढच्याकडे वळावयाचे. आशेस अंकगणितात मांडता आले तर ती अशी दिसेल.

लोकांचे भय निराधार होते असे मात्र कोणी समजू नये. रोग्यांस घरच्या माणसांपासून तोडून इस्पितळात नेण्यात येई, घरझडत्या होत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी चिडलेल्या गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लाखो लोक शहर सोडून गेले. जे राहिले त्यांनी आपापल्या परीने देवास हाक मारली. गिरगाव, माझगाव व वांद्रे येथील गल्ल्यांत आपणांस जे जुने क्रूस दिसतात, त्यांपैकी कित्येकांची आठवण प्लेगच्या काळाशी जोडलेली आहे. गल्लीच्या तोंडाशी क्रूस व गल्लीच्या आत डॉक्टर, या दोहोंत आम्हास कसलाही विरोध दिसत नाही. क्रुसापाशी जमून रोजरी म्हणणारे शेजारी एकमेकांस धीर देत, आणि धीर आलेला मनुष्य डॉक्टरापुढे हात करण्यास कमी कचरतो. सरकारी शिपायाच्या हुकमाने जे साधत नाही, ते ओळखीच्या वैद्याच्या शब्दाने साधते.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. डॉक्टरांनी इतके केले तरी प्लेग हटला नाही. तो वर्षानुवर्षे हिवाळ्यात परत येत राहिला आणि पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्यास बळी पडली. ज्याची आशा त्वरित यशावर अवलंबून असती तो दुसऱ्याच वर्षी निराश होऊन बसला असता. डॉ. व्हिएगस रोग्यांची व शहराची सेवा करीतच राहिले. १९०६ साली ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. तो मान मिळविणारे ते पहिले देशी ख्रिस्ती गृहस्थ होत. प्लेगने दिलेल्या धड्यामुळेच १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते निघाले, आणि दादर-माटुंगा भागात हवेशीर घरांची आखणी झाली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ पासून तीस हाफकिन यांचेच नाव आहे. १९३३ साली डॉ. व्हिएगस यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? संकट आले म्हणजे प्रथम त्याचे खरे नाव घ्यावे. निदान एका विश्वासू माणसापाशी तरी घ्यावे. मग आज, याच दिवशी, आपल्या हातून होण्याजोगे जे लहानसे काम असेल ते करावे. जे आपल्यास येत नाही त्यासाठी जाणत्यास बोलवावे, मग तो परक्या देशाचा वा परक्या धर्माचा का असेना. आणि उद्या संकट तसेच उभे दिसले तरी कामास पुन्हा हात घालावा. २०२० च्या साथीत आमच्याच धर्मग्रामात याचा प्रत्यय आला. ताप आल्याचे ज्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, त्यांच्या दाराशी शेजाऱ्यांनी जेवणाचे डबे ठेवले. ज्यांनी लपविले, त्यांच्यापर्यंत मदतीचा हात पोहोचण्यास उशीर झाला. त्यांच्यापैकी काहींच्या अंत्यविधीस आम्ही चार माणसांनिशी उभे होतो, आणि ते दिवस आम्हास विसरता येत नाहीत.

धोबी तलावानजीक, मेट्रो चित्रपटगृहासमोर, डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आहे. त्याच्या पायथ्याशी दिवसभर बसगाड्यांची व माणसांची गर्दी वाहत असते, आणि हा गृहस्थ कोण हे त्यांतील फार थोड्यांस ठाऊक असते. आमचे वाचक पुढल्या खेपेस त्या वाटेने जातील तेव्हा त्यांनी क्षणभर थांबावे, मुलांस ते नाव सांगावे, आणि घरी परतल्यावर जी गोष्ट कित्येक दिवस बोलावयाची राहून गेली आहे, ती त्याच रात्री घरच्यांपाशी बोलून टाकावी. आमच्या महोत्सवाची याहून चांगली भेट आम्हास सुचत नाही.