दीड किलोची लेन्स आणि दम्याचा ऑस्कर बार्नाक

मागच्या महिन्यात मी ७०-२०० मिमीची एफ/२.८ झूम लेन्स भाड्याने आणली. वजन जवळपास दीड किलो! कॅमेऱ्याला लावून सिंहगड चढायला लागलो आणि निम्म्या वाटेत ती बॅगेत गेली, ती घरी आल्यावरच बाहेर आली. फोटो सगळे फोनवर काढले. तेव्हा ऑस्कर बार्नाक आठवला.

बार्नाकचा जन्म १८७९ चा, जर्मनीतल्या लिनो या गावचा. येनाला झाइसच्या कारखान्यात मेकॅनिक होता. रानावनात भटकायचं आणि फोटो काढायचे, हा त्याचा नाद. पण दमा होता. त्यात तेव्हाचा कॅमेरा म्हणजे मोठी पेटी, काचेच्या प्लेटा आणि वर तिपाई. चढावर धाप लागायची. मी लेन्स बॅगेत टाकली. या गड्याने कॅमेराच बदलायचं मनावर घेतलं.

१९११ मध्ये तो वेट्झलारला, मायक्रोस्कोप बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीत गेला. तिथे १९१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी फिरवली, दोन फ्रेमची जागा एका फोटोला दिली आणि हातात मावणारा कॅमेरा बनवला. फ्रेम २४×३६ मिमी. आज ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात ती हीच. तुमच्या फोनच्या जाहिरातीत ‘१२० मिमी टेलिफोटो’ लिहिलेलं असतं ना, तो आकडाही याच फ्रेमच्या हिशेबाने काढलेला असतो. फोनमधल्या लेन्सची खरी फोकल लेंथ बरीच कमी असते.

छोटी निगेटिव्ह मोठी करताना लेन्सचा प्रत्येक दोष दिसतो. म्हणून कंपनीतल्या माक्स बेरेकने खास ५० मिमी एफ/३.५ लेन्स तयार केली. मध्ये महायुद्ध, मग भयानक महागाई. शेवटी १९२४ मध्ये मालक एर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) यांनी जोखीम घेतली आणि १९२५ ला लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ‘लायका’ आला.

१९३० पासून लायकाची लेन्स बदलता येऊ लागली: ३५, ५० आणि १३५ मिमी. १३५ ची लेन्स फक्त एफ/४.५ होती. यात वजनाचं गणित आहे. फोकल लेंथला एफ नंबरने भागा. २०० मिमीला एफ/२.८ हवं तर प्रकाश यायला सुमारे ७१ मिमीची वाट लागते, एफ/४ ला ५० मिमी पुरते. काच कमी, वजन कमी, किंमतही कमी. बदल्यात प्रकाश निम्मा. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं, पण संध्याकाळच्या कबड्डीत पळणारा खेळाडू धूसरच येणार. तिथे एफ/२.८ ला पर्याय नाही, हेही खरं.

बार्नाक जानेवारी १९३६ मध्ये गेला, ५६ व्या वर्षी.

मी एफ/४ बुक केली आहे, साधारण ८०० ग्रॅमची. मला पक्षी हवेत, तेही उन्हात आणि गडावर.