डांबर आणि अग्निबाण

जॅक पार्सन्सचे नाव निघाले की लोक त्याच्या मंत्रतंत्राच्या नादाविषयीच बोलतात. चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव आहे ते मात्र त्यासाठी नव्हे, अग्निबाणांसाठी.

त्याचा जन्म १९१४ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे झाला. बालपण जवळच्या पासाडेना गावी सुखात गेले. पुढे महामंदीत घराची रया गेली, शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि तो स्फोटकांच्या कारखान्यात कामाला लागला. दारूचे बाण उडवण्याचा छंद त्याला व त्याचा शाळासोबती एड फॉर्मन याला लहानपणापासूनच होता. १९३५च्या सुमारास हे दोघे कॅल्टेक या विख्यात संस्थेत गेले. तेथे त्यांना फ्रँक मलिना हा विद्यार्थी भेटला आणि प्राध्यापक फॉन कार्मान यांचे पाठबळ मिळाले. पार्सन्सपाशी पदवी नव्हती. तरीही त्याला आत घेतले गेले, याचे मला फार अप्रूप वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणूनही असेल.

महायुद्धाच्या काळात विमानांना आखूड धावपट्टीवरून उचलण्यासाठी सैन्याला अग्निबाण हवे होते. १९४१च्या ऑगस्टमध्ये एक छोटे विमान तसे उडवूनही दाखवले गेले. अडचण निराळीच होती. नळीत ठासलेली दारू ताजी असेल तोवर ठीक. काही दिवस ठेवली की तिला तडे जात. घन इंधन विडीसारखे एका टोकाकडून जळत गेले पाहिजे. तडा गेला की ज्वाला आत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, वायूचा दाब चढतो आणि नळी फुटते. दाब स्थिर राहू शकतो हे मलिना व फॉन कार्मान यांनी गणिताने सिद्ध केले होते. ते गणित पार्सन्सच्या आवाक्यातले नव्हते. पण तसे इंधन कशाचे करायचे, हे गणित सांगत नव्हते.

१९४२ साली त्याने डांबर वितळवले, त्यात पोटॅशियम परक्लोरेट कालवले आणि ते नळीत ओतले. थंड झाल्यावर ते घट्ट बसले. डांबर हेच जळण आणि तेच चिकटवणारे. ज्वलनाला लागणारा प्राणवायू परक्लोरेट पुरवते. रस्त्यावर आपण पाहतो तसे हे डांबरही उन्हात मऊ व थंडीत ठिसूळ होई, म्हणून पुढे त्याची जागा रबरासारख्या द्रव्यांनी घेतली. ओतण्याची रीत मात्र टिकली. आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातील सुमारे १३८ टन इंधन याच जातीचे आहे.

त्याच वर्षी या मंडळींनी एरोजेट ही कंपनी काढली. दोनच वर्षांत पार्सन्सला तिच्यातून बाहेर पडावे लागले. त्याचा पंथ, त्याचे वागणे कोणालाच परवडेना. पुढे सरकारने गुप्त कामाचा परवानाही काढून घेतला आणि तो चित्रपटांसाठी दारूसामान करू लागला. १७ जून १९५२ रोजी घरच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन तो गेला. वय अवघे ३७. पोलिसांनी तो अपघात ठरवला. बातमी कळताच त्याच्या आईने त्याच दिवशी आपले जीवन संपवले.