नाईक यशवंत घाडगे

सुट्टीत ठाण्याहून कोकणात जाताना वाटेत माणगाव लागते. तेथील तहसील कार्यालयाजवळ एका जवानाचे स्मारक आहे. ते आपण पाहिले असेल, पण त्या जवानाचे चरित्र आपणांस ठाऊक आहे काय?

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील एका खेड्यात झाला. तरुणपणीच ते मराठा पलटणीत दाखल झाले. दुसरे महायुद्ध पेटले होते. पत्नीला मागे ठेवून त्यांना सातासमुद्रापार इटलीत जावे लागले.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील बाकीचे सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. त्यांनी हातबॉम्बने ती मशीनगन बंद पाडली आणि उरलेल्या शत्रूंशी अगदी जवळून झुंज दिली. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते कोसळले. वय अवघे बावीस! त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

परंतु वाचकहो, घरी काय आले? पदक आले, माणूस आला नाही. आपल्या माणसाचे अंतिम दर्शन घडणे हेही एक भाग्यच असते. त्या घराला तेही लाभले नाही. त्यांची स्वतंत्र कबरदेखील नाही. इटलीतील कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव कोरलेले आहे.

पालकांनो, माणगावला थांबलात तर मुलांना हे स्मारक अवश्य दाखवा. जवानाच्या शौर्याबरोबरच, मागे राहिलेल्या त्याच्या पत्नीच्या धैर्याविषयीही त्यांना सांगा.